बंदोबस्त सशाचा नको, घराचा हवा

कुत्र्या-मांजरांवर आपण या मालिकेत बरंच बोललो. आज ससे. त्यातही तीन-चार महिन्यांचे, अंगात वारं शिरलेले ससे.

बाजारातून ससा घरी येतो तेव्हा तो बहुतेक वेळा महिना-दीड महिन्याचा असतो. खरं म्हणजे पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला हवं, पण विकणारे तेवढं थांबत नाहीत. पहिले काही दिवस हे पिल्लू ओंजळीत मावतं, कोपऱ्यात गप्प बसतं, मुलांच्या मांडीवर झोपतं. घरातले खूश असतात. मग तिसरा महिना संपतो आणि एका संध्याकाळी ते अचानक खोलीभर सुसाट धावायला लागतं. धावता धावता हवेत उडी मारतं, तिथल्या तिथे अंगाला पीळ देतं, सोफ्याखाली शिरतं, चार्जरची वायर कापतं, सतरंजीचा कोपरा उकरून काढतं. घरातले म्हणतात, "इतका शांत होता, आता बिघडला."

तो बिघडलेला नाही. हवेत मारलेली ती पीळदार उडी म्हणजे निरोगी, आनंदी तरुण सशाची खूण आहे. पण याच काळात त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो. एक तर वायर, बाल्कनी, दार यांच्यात सापडून अपघात होतो. किंवा घरचे कंटाळतात आणि त्याला कायमचं लहान पिंजऱ्यात टाकतात. नाही तर कुणीतरी सुचवतं, "जवळच्या बागेत सोडून या, मोकळा राहील." या तीनही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी सशाला शिस्त लावायच्या मागे लागू नका, घराला शिस्त लावा. आजच्या भागात तेच बघू.

पाळीव ससा आणि रानातला ससा

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत 'ससा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. शेतात, माळावर दिसतो तो आपला रानससा. तो बीळ करत नाही, गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळगा करून दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतानाच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला धरून घरी आणणं गुन्हा आहे.

आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो कळपानं राहणारा आणि जमिनीत बिळांचं जाळं खणणारा प्राणी. त्याची पिल्लं आंधळी, बिनकेसांची जन्मतात आणि बिळाच्या उबेत वाढतात. आपल्या दिवाणखान्यातला पांढरा ससा ही त्याचीच पैदास.

यातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या. पहिली, उकरणं, अंधाऱ्या फटीत शिरणं, वाटेत आडवं आलेलं दातानं कापून टाकणं हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. बिळात आडवी आलेली मुळी तो कापतो, तशीच तुमची वायर कापतो. दुसरी गोष्ट, बागेत सोडलेला पाळीव ससा तिथे टिकत नाही. पांढरा किंवा ठिपक्यांचा रंग लांबून दिसतो, परिसर अनोळखी असतो, लपायला बीळ नसतं. कुत्री, मांजरं, मुंगूस, घार यांपैकी कुणाला तरी तो सापडतोच. त्याला सोडून देणं म्हणजे मरायला पाठवणं, हे मनाशी पक्कं करा.

दणकट पाय, नाजूक हाडं

सशाचं काळीज भित्रं असं आपण म्हणतो, ते खोटं नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे. पण त्याच्या शरीराची रचना लक्षात घेतली की अपघात का होतात ते कळतं.

त्याचे मागचे पाय फार ताकदवान असतात आणि हाडं मात्र हलकी. मांजराच्या वजनात सांगाड्याचा वाटा साधारण १२ ते १३ टक्के असतो, सशात तो ७ ते ८ टक्केच असतो. म्हणून हातातून सुटण्यासाठी त्यानं जोरात लाथ झाडली, तर त्याच झटक्यानं त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो. मग मागचे पाय कायमचे लुळे पडतात. हे पडून झालेलं नसतं, चुकीच्या पकडीमुळे झालेलं असतं.

डोळ्यांचंही तसंच. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. समोरून एकदम हात आला तर तो दचकतो. आणि उडीचं म्हणाल, तर स्वीडनमध्ये सशांना अडथळ्यांवरून उड्या मारायला लावायच्या स्पर्धा होतात. तिथे एक मीटरच्या आसपास उंच उडी मारलेल्या सशांची नोंद आहे. आपला ससा काही स्पर्धेतला नाही, पण दीड-दोन फुटांचं कुंपण त्याला अडवेल अशी आशा ठेवू नका.

पोटावर झोपा आणि घर बघा

आता कामाला लागू. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि ज्या खोलीत ससा मोकळा सोडणार आहात तिथे जमिनीवर पालथे झोपा. तुमचं डोकं सशाच्या उंचीवर आलं की उभ्यानं कधीच न दिसणाऱ्या गोष्टी दिसतील. पलंगाखालची एक्स्टेन्शन बोर्डची वायर, फ्रिजमागची फट, कपाटाखाली गेलेली झुरळांची गोळी. एकेक बघू.

पहिली वायर. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि सशाचे दात वायर कात्रीसारखी तोडतात. टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर, कूलर यांच्या जमिनीलगतच्या वायरी उचलून भिंतीवर घ्या. उचलता येत नसतील तर इलेक्ट्रिशियनकडे मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीत किंवा जाड पीव्हीसी नळीत घाला. पातळ वळणारी नळी तो कुरतडतो, म्हणून जाडच घ्या. चार्जर वापरून झाला की काढून ठेवायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर बसवून घ्या, तो माणसांसाठीही हवाच.

तरीही वायर चावून शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. त्याआधी सशाला हात लावू नका. मग तो उठून बसला, हिंडायला लागला तरी डॉक्टरांकडे न्या. शॉकनंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

दुसरं, स्वयंपाकघर. ते सशाला पूर्ण बंद. सिलिंडरची रबरी नळी जमिनीलगत असते. ती कुरतडली गेली तर प्रश्न एकट्या सशाचा राहत नाही, अख्ख्या घराचा होतो. शिवाय पायात घुटमळणारा ससा आणि हातात उकळत्या आमटीचं पातेलं, हे गणित कधीही चुकू शकतं. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक लावा, पण त्याच्या दांड्यांमधून पिल्लू जाणार नाही ना ते बघा.

तिसरं, फटी. नियम सोपा आहे: पिल्लाचं डोकं शिरतं तिथे अख्खं पिल्लू शिरतं. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि लोखंडी कपाट यांच्या मागच्या फटी पुठ्ठ्यानं नको, लाकडी फळीनं बंद करा. बॉक्सचा पलंग, सोफा-कम-बेड आणि मागे कलणारी खुर्ची यांचं विशेष ध्यान ठेवा. सशाला त्यांच्या पोटातली अंधारी जागा बिळासारखी वाटते. पलंगाचा खण बंद करण्याआधी आणि खुर्ची सरळ करण्याआधी ससा कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं, असा घरात नियमच करा. सशानं आतून अस्तर फाडून तिथे मुक्काम केलेला असू शकतो.

चौथं, दार. संध्याकाळी ससा धावत असतो आणि नेमकं तेव्हाच कुणी कामावरून येतं, कुणी डबा द्यायला येतं. दारात पाय ठेवताना खाली बघायचं, आणि दार आपटू नये म्हणून त्याला अडसर लावायचा.

पाचवी बाल्कनी. तिच्या गजांमधून पिल्लू सहज निसटतं. कबुतरांची जाळी लावली असेल तर ती जमिनीपर्यंत आहे का बघा. नायलॉनची जाळी सशाला कुरतडता येते, त्यामुळे खालच्या दोन-तीन फुटांत बारीक लोखंडी जाळी हवी. आणि जाळी असली तरी बाल्कनीत सशाला एकट्याला सोडू नका. कावळे, मांजर, आणि काही गावांत माकडं हा त्रास असतोच.

सहावं, औषधं आणि विषारी झाडं. डांबरगोळ्या, झुरळांचा खडू, उंदरांचं विष, फिनेल, मच्छरांची कॉइल यांतलं काहीही जमिनीवर नको. एक गोष्ट नीट समजून घ्या. सशाला उलटी करता येत नाही. कुत्र्यानं किंवा मांजरानं नको ते खाल्लं तर ते ओकून टाकण्याची शक्यता असते, सशाच्या पोटात गेलेलं पोटातच राहतं.

कुंड्यांमध्ये मनीप्लांट आणि डिफेनबॅकिया घराघरांत असतात, दोन्हींनी तोंडाची आग होते. कण्हेर, अडेनियम, सदाफुली आणि लिलीही त्याच्यासाठी विषारी. कुंड्या उंच ठेवा आणि गळालेली पानं रोज उचला. मनीप्लांटची वेल वाढून जमिनीला टेकली का, तेही बघत राहा.

फरशी गुळगुळीत, तळवे केसाळ

ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्र्या-मांजरांच्या तळव्याला मऊ गाद्या असतात. सशाला त्या नसतात, त्याचा तळवा नुसता केसांनी झाकलेला असतो. मातीत आणि गवतात ते चालतं, पण आपल्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना घसरतात. वेगात वळताना घसरून पाय लचकतो, कमरेला मार बसतो. काही ससे फरशीवर पाऊलच ठेवत नाहीत आणि आपण म्हणतो, "आळशी आहे."

उपाय घरातच आहे. सतरंजी, जुनी चादर, तागाचं जाजम, गोधडी, जे असेल ते धावण्याच्या वाटेवर अंथरा. गोधडीचे सुटलेले दोरे कापून टाका, ते गिळले तर आतड्यात अडकतात. फोमची जोडायची मॅट घेऊ नका, तिचे तुकडे तो खातो आणि तेही अडकतात. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर फळी टाकून वर गवत पसरा. तारेवर सतत बसून तळव्यांना जखमा होतात.

तुमचं लक्ष नसेल तेव्हा तो कुठे असेल?

घर कितीही सुरक्षित केलं तरी रात्री आणि तुम्ही बाहेर असताना सशासाठी एक ठरलेली, बंदिस्त जागा हवी. पण बंदिस्त म्हणजे दुकानात मिळणारा दोन फुटी पिंजरा नव्हे. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांना ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा किमान मानते. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये हे जमणार नाही, हे मलाही कळतं. पण दिशा त्यातून कळते: निदान तीन-चार उड्या सलग मारता याव्यात, मागच्या पायांवर ताठ उभं राहता यावं आणि आडवं पसरून झोपता यावं.

आपल्याकडे सगळ्यात सोयीचं म्हणजे जोडायच्या लोखंडी जाळ्यांचं कुंपण. उंची तीन फूट घ्या. लहान पिल्लू असेल तर खालच्या दोन फुटांना बारीक जाळी बांधा. आत सशाचं घर म्हणून खोका ठेवा, पण कुंपणाच्या कडेला ठेवू नका. कडेला ठेवलात तर खोक्यावर चढून तो कुंपण ओलांडेल. कुंपणाच्या एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात कागदाचे तुकडे घालून वर गवत ठेवा. खाता खाता शी-शू करायची त्याला सवय असते, म्हणून त्याच जागी जायला तो लवकर शिकतो.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त जागा असतो. दुपारी तो झोपतो. म्हणून त्याला मोकळं सोडायचं ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी, रोज मिळून निदान तीन-चार तास, आणि त्या वेळी कुणीतरी मोठं माणूस त्या खोलीत हवं. दिवसभर कोंडलेला तरुण ससा रात्री दोन वाजता जाळी दातानं वाजवत बसतो. त्यात हट्टीपणा नसतो, दिवसाची धाव राहून गेलेली असते.

चार कामं, चार जागा

कुरतडणं, उकरणं, लपणं आणि पळणं. तरुण सशाला ही चार कामं रोज करायचीच असतात. तुम्ही जागा दिली नाहीत तर तो स्वतः शोधतो, आणि त्यानं शोधलेली जागा तुम्हाला आवडत नाही. सगळं भांडण एवढंच आहे.

कुरतडण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गवत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात वर्षाला साधारण १० ते १२ सेंटिमीटर वाढतात, आणि दाढाही वाढत राहतात. ते झिजतात गवत चावून चावून. लाकडाचा ठोकळा दिला की झालं, असं नाही. खाण्याचा मोठा हिस्सा, पाचातला चार भाग म्हणा, गवताचा असू द्या, आणि गवत चोवीस तास समोर हवं. वाळलेलं गवत विकत मिळतं, ताजी हरळी फवारणी न केलेल्या जागेची आणून धुऊन देता येते. सहा महिन्यांपर्यंत लसूणघास चालतो, वाढत्या वयाला त्यातलं कॅल्शियम उपयोगी पडतं. पुढे तो हळूहळू कमी करायचा. कोथिंबीर, पुदिना थोडा थोडा द्या. पोळी, बिस्किट, भात नको. गाजर हा गोड खाऊ आहे, जेवण नव्हे, चित्रातल्या सशांवर विश्वास ठेवू नका. सोबत पेरूच्या किंवा तुतीच्या फांद्या आणि रंग-वार्निश नसलेली बांबूची टोपली द्या.

उकरण्यासाठी एक खोल खोका घ्या आणि त्यात जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, गवत, वर मूठभर कोथिंबीर लपवून ठेवा. तो खणत बसेल. आणि तुमच्या गादीपेक्षा हा खोका त्याला जास्त आवडावा म्हणून त्यातला खाऊ रोज बदला.

लपण्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं, पण त्याला दारं दोन. एक दार असलेली जागा सशाला सापळा वाटते, बिळाला नेहमी दुसरी वाट असते. खोक्यावरच्या चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढा.

पळण्यासाठी मधली जागा मोकळी ठेवा. टीपॉय सरकवा. दोन खोकी अंतरावर ठेवलीत की तो एकातून दुसऱ्यात चकरा मारतो, आणि तुम्हाला फुकटात तमाशा बघायला मिळतो.

धरायचं कसं, आणि मुलांना काय सांगायचं

अनेक जण विचारतात, वायर चावली तर मारायचं का? नाकावर टपली? अजिबात नाही. ससा मारण्याचा संबंध वायरीशी जोडत नाही, तुमच्याशी जोडतो. मग तो हाताला घाबरतो, हात दिसला की पळतो, आणि पळताना अपघात होतात. टाळी वाजवा, "नाही" म्हणा, आणि त्याच क्षणी त्याला फांदी किंवा गवत पुढे करा. आणि ती वायर उचला, कारण चूक तिथे आहे.

उचलायचं असेल तर एक हात छातीखाली, दुसरा हात मागच्या पायांखाली आणि पाठीला आधार, मग आपल्या छातीशी घट्ट धरायचं. कान धरून कधीच नाही. मानेची कातडी धरूनही नाही. मुलांना सांगायचं, "उचलायचं नाही, खाली बसायचं." मूल जमिनीवर मांडी घालून बसलं की ससा आपणहून येतो, मांडीवर पाय ठेवतो. मुलांच्या हातून ससा पडणं हा घरातला नेहमीचा अपघात आहे, आणि हा एक नियम तो टाळतो.

सशाला पाठीवर उताणं झोपवून तो कसा "शांत" पडून राहतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो शांत नसतो. शिकाऱ्यानं धरल्यावर प्राणी थिजतो तसा तो भीतीनं थिजलेला असतो. करमणूक म्हणून हे करू नका.

वयात येताना

लहान जातीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात. दुकानदारानं "दोन्ही माद्या आहेत" म्हणून दिलेली जोडी बऱ्याचदा तशी नसते. तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांकडून नर-मादी तपासून घ्या आणि तशी असेल तर वेगळं ठेवा. गर्भ ३० ते ३२ दिवसांचा असतो आणि व्यायल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. घरात दोनाचे वीस व्हायला वर्षही लागत नाही.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान नसबंदी केली की शू फवारणं, चावणं, भांडणं कमी होतात. मादीच्या बाबतीत फायदा जिवाचा आहे, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: कुत्र्या-मांजरांना शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. डॉक्टरांना हे आधी विचारा. त्यांचं उत्तर काय येतं, त्यावरून त्यांना सशांची सवय आहे की नाही तेही कळेल. नराची नसबंदी झाल्यावरही चार-सहा आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवा.

ऊन, पाऊस आणि फटाके

तुम्ही नागपूरला असा, हैदराबादला, इंदूरला की बडोद्याला, मे महिना सशाला सोसत नाही. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा २८-३० अंशांच्या वर गेला की जपा. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा, बसायला गार फरशीचा तुकडा द्या, पाण्याचं जड मातीचं भांडं दोन ठेवा. धावण्याची वेळ पहाटेची करा. तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापले असतील, तो आडवा पडला असेल, तर कान साध्या गार पाण्यानं ओले करा आणि तसेच डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि एरवीही सशाला अंघोळ घालायची नसते, त्या धक्क्यानं तो दगावू शकतो.

कोकणात, गोव्यात, कोलकात्याला पावसाळ्याची दमट हवा वेगळं संकट आणते. गवताला बुरशी येते. वास कुबट आला की फेकून द्या. ओल्या, घाणीनं माखलेल्या मागच्या भागावर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात सशाचं बूड रोज बघायचं.

दिवाळीत आणि मिरवणुकांच्या दिवसांत ससा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू, लपायला दोन दारांचं खोकं. पानाच्या आवाजानं पळत सुटणाऱ्या भित्र्या सशाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, पण खरा ससा घाबरून भिंतीवर आदळतो, किंवा नुसताच खाणं थांबवतो. हे दुसरं जास्त धोक्याचं आहे.

खाणं थांबलं की घड्याळ बघा

ससा दुखणं लपवतो. रडत नाही, कण्हत नाही. त्याचं दुखणं कळतं ते दोन गोष्टींवरून: तो खात नाही आणि लेंड्या टाकत नाही. सशाचं आतडं सतत चालू असावं लागतं. दहा-बारा तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, तर ते आतडं थांबत चाललंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "सकाळी बघू" असं म्हटल्यानं पुष्कळ ससे गेले आहेत. म्हणून रोज घमेलं साफ करताना लेंड्या किती आणि केवढ्या आहेत ते बघायची सवय ठेवा.

घरातलं औषध देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन आपल्या मुलांना चालतं, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मात्र त्यानं मरतात आणि ससाही मरू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात तो फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे.

आणि डॉक्टर आजच शोधून ठेवा. सगळे पशुवैद्य ससे बघत नाहीत. जवळ कुणी नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळ, विदर्भात नागपूर, इंदूरजवळ महू, गुजरातमध्ये आणंद, बेंगळुरूत हेब्बाळ, हैदराबादला राजेंद्रनगर इथे ती आहेत. ससे कोण बघतं आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे दोन प्रश्न विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.

आज एवढं करा. जमिनीवर पालथे झोपून एक खोली तपासा, वायरी उचला, धावायच्या वाटेवर सतरंजी टाका आणि दोन दारांचं एक खोकं ठेवा. हे एका संध्याकाळचं काम आहे. हा हुंदडण्याचा काळ वर्षभरात बराच ओसरतो आणि ससा आठ-दहा वर्षं तुमच्याबरोबर राहू शकतो. हे पहिलं वर्ष त्याला सुखरूप पार करू द्या.